जिमी हेंड्रिक्स

जेम्स मार्शल ऊर्फ जिमी हेंड्रिक्स (जन्म : सिॲटल, २७ नोव्हेंबर १९४२, मृत्यू : लंडन, १८ सप्टेंबर १९७०) हे अमेरिकन गिटारवादक, गायक व गीतकार होते. स्वतःच्या नावाने वादन करण्यास त्यांना जेमतेम चार वर्षे मिळाली. फझ या नावाने ओळखला जाणारा इलेक्ट्रिक गिटारचा खरखरीत, फाटका ध्वनी त्यांच्या आधीही होता. पण त्याला वादनाचे साधन म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे.

सुरुवातीचे जीवन

त्यांचे जन्मनाव जॉनी ॲलन असे होते. वडील ॲल सैन्यातून परतल्यावर १९४६ साली त्यांनी मुलाचे नाव बदलले. आई ल्यूसिल यांचे १९५८ मध्ये निधन झाले. त्याच सुमारास हेंड्रिक्स यांना पाच डॉलरला एक जुनी गिटार मिळाली. ते डावखुरे होते. उजव्या हाताची गिटार उलटी धरून आणि तारांचा क्रम बदलून ती वाजवण्याची त्यांची सवय अखेरपर्यंत टिकली. १९६१ मध्ये ते अमेरिकेच्या सैन्यात छत्रीधारी दलात दाखल झाले व १९६२ मध्ये मुक्त झाले. पुढे त्यांनी आयस्ली ब्रदर्स, लिटल रिचर्ड अशांच्या मागे साथीला वाजवले. १९६६ मध्ये न्यू यॉर्कच्या एका कॅफेत ॲनिमल्स या इंग्लिश बँडचे चॅस चँडलर यांनी त्यांना ऐकले आणि २४ सप्टेंबर रोजी हेंड्रिक्स त्यांच्यासोबत लंडनला पोहोचले. तेथे नोएल रेडिंग (बेस) व मिच मिचेल (ड्रम) यांच्यासह जिमी हेंड्रिक्स एक्सपीरियन्स हा बँड उभा राहिला.

फझचा वापर

गिटारचा विद्युत संकेत प्रमाणाबाहेर वाढवला की त्याच्या लहरीचे माथे कापले जातात व स्वर घोगरा आणि दीर्घ होतो. १९६१ च्या सुमारास नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात यंत्रातील बिघाडामुळे असा आवाज उमटला आणि तो तसाच ठेवला गेला. पुढे तो मुद्दाम काढणारी पेडल बनू लागली. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये फझ फेस हे पेडल आणले. मायक्रोफोनच्या स्टँडच्या बैठकीसारखी गोल पेटी, दोन बटणे, दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुटे भाग एवढाच त्याचा पसारा होता.

सुरुवातीच्या फझ फेसमधील ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. त्यांची वर्धनक्षमता नगागणिक वेगळी असे, शिवाय उष्णतेने ती बदले. त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेटींचा आवाज सारखा असेलच असे नसे, आणि मंचावरील प्रखर दिव्यांखाली तोच आवाज बिघडण्याचा धोका असे. नंतर आलेले सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर अधिक स्थिर, पण आवाजाने अधिक तीक्ष्ण होते. हेंड्रिक्स यांनी दोन्ही प्रकार वापरले. या पेडलचा एक गुण त्यांनी विशेष हेरला होता : गिटारवरील आवाजाचे बटण थोडे कमी केले की फझ विरघळून स्वर जवळजवळ स्वच्छ होतो. पेडलला पाय न लावता, वाजवतानाच हा बदल करता येतो. त्यांच्या वादनातील चढउतार समजण्यासाठी ही गोष्ट त्यांनी गिटार जाळल्याच्या बहुचर्चित प्रसंगापेक्षा अधिक उपयोगी आहे.

ब्रिटिश नौदल विभागात ध्वनिविषयक काम करणारे रॉजर मेयर यांनी मूळ स्वरासोबत वरच्या सप्तकातील स्वर काढणारे ऑक्टेव्हिया हे उपकरण त्यांच्यासाठी आणले. १९६७ च्या ‘पर्पल हेझ’मधील एकलवादनात ते ऐकू येते.

कीर्तीचा काळ

‘आर यू एक्सपीरियन्स्ड’ (१९६७), ‘ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह’ (१९६७) व ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ (१९६८) हे या बँडचे तीन अल्बम. मायदेशात त्यांचे नाव झाले ते जून १९६७ च्या माँटेरे महोत्सवाने. गिटार जाळली ती तेथेच. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक महोत्सवात त्यांची पाळी शेवटची होती. कार्यक्रम इतका लांबला की ती सोमवारी सकाळी आली, आणि तोवर बहुसंख्य श्रोते निघून गेले होते. व्हिएतनाम युद्ध चालू असताना त्यांनी तेथे अमेरिकेचे राष्ट्रगीत गिटारवर वाजवले. त्यात फझ आणि फीडबॅकमधून बॉम्ब व भोंग्यांचे आवाज उमटतात. ते निषेध म्हणून होते की आदर म्हणून, यावर आजही मतभेद आहेत.

मृत्यू व वारसा

न्यू यॉर्कमधील त्यांचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ ऑगस्ट १९७० मध्ये सुरू झाला. त्यानंतर महिन्याच्या आतच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनानंतर उलटी श्वसनमार्गात अडकून त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत मृत्यूमागील हेतूविषयी निर्णय खुला ठेवण्यात आला. त्यांचे दफन वॉशिंग्टन राज्यातील रेंटन येथे झाले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. संगीताचे हक्क वडिलांच्या हाती येण्यास दीर्घ कायदेशीर वादानंतर १९९५ साल उजाडले. जुन्या धर्तीचे फझ पेडल हाताने जोडणारे कारागीर आजही जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर एकेक मोजून, जोड्या निवडून बसवतात.