रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे : कामगारांच्या रविवारचे शिल्पकार

आठवड्याची सुटी आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी काळी मागून घ्यावी लागली, याचे स्मरणही उरलेले नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली फुलमाळी समाजातील एका गरीब कुटुंबात झाला. बेताचे शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे एका कापड गिरणीत भांडारपालाचे काम पत्करले. गिरणी कामगारांचे जिणे त्यांना प्रथम दिसले ते येथेच.

मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे गिरणगावात येऊन वसली. शेतीचे काम ऋतूंप्रमाणे चाले, गिरणीचे मात्र भोंग्याप्रमाणे. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभे राहावे लागे, आणि सणावारी यंत्र थांबले तरी ते पुसण्यासाठी बोलावणे येई. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने संरक्षण दिले ते केवळ मुलांना.

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी भारलेल्या लोखंड्यांनी १८८० मध्ये ‘दीनबंधु’ पत्राची धुरा स्वीकारली. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले हे पत्र आता मुंबईहून निघू लागले. लोखंड्यांची वाट बिकट होती. कारखाना कायद्यांचा आग्रह लँकेशायरचे गिरणीमालक धरीत होते, आणि त्यामागे त्यांचा स्वार्थ होता. त्यामुळे येथील अनेक देशाभिमानी पत्रे अशा कायद्यांना स्वदेशी उद्योगावरील घाला मानीत. मागणी कोणाच्या तोंडून येते यापेक्षा ती कामगाराच्या हिताची आहे की नाही, हे पाहणे लोखंड्यांना अधिक महत्त्वाचे वाटले.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे निश्चित तास, वेळेवर पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई, या त्यातील मुख्य मागण्या होत्या. त्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ या संस्थेला वर्गणी नव्हती, घटनाही नव्हती. आजच्या अर्थाने ती कामगार संघटना नव्हे, असे अभ्यासक म्हणतात आणि ते खरेही आहे. तथापि विखुरलेल्या श्रमिकांना सामूहिक आवाज लाभला तो तिच्यामुळेच.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या काळी विशेष म्हणजे, दोन कामगार स्त्रियांनी तीत भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने तिला आधार दिला, स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर व मुलांचे सातांवर आणले. पुरुषांच्या तासांना मात्र १९११ पर्यंत मर्यादा आली नाही.

लोखंड्यांची दृष्टी गिरणीपुरती नव्हती. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार त्यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिक बांधवांनी केला. १८९३ च्या दंगलीनंतर हिंदु-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणून ते झटले. सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ किताब दिला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि कामगार शहर सोडून पळू लागले. लोखंडे मागे राहून रुग्णांच्या सेवेत गुंतले. त्यातच प्लेगची लागण होऊन ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. अवघ्या महिन्याभराने पुण्यात सावित्रीबाई फुले याच सेवेत कामी आल्या. भारत सरकारने २००५ मध्ये लोखंड्यांचे टपाल तिकीट काढले.

पोटासाठी राबणाऱ्या माणसाला स्वतःचा असा एक दिवस मिळाला, तरच तो मुलाबाळांत बसेल, चार अक्षरे वाचील. रविवारी वाचनालयाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक श्रमिक वाचकावर लोखंड्यांचे हे ऋण आहे.