हंसा वाडकर : हास्याआडची व्यथा

माणूस दारू पितो ती मौजेखातर, असे आपण सहज म्हणून जातो. हंसा वाडकरांचे जीवन पाहिले म्हणजे हे मत डळमळते.

रतन साळगावकर हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९२३ साली, मुंबईत. घरच्या गरिबीमुळे कोवळ्या वयातच तोंडाला रंग लागला. ‘संत सखू’ (१९४१), ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) ह्या चित्रपटांनी त्यांना अमाप लोकप्रियता दिली. शेवटचा चित्रपट तर पुण्यात १३१ आठवडे चालला!

पण कमाई संसाराला पुरवूनही घरी सुख लाभले नाही. सुटकेच्या आशेने त्या एका माणसाबरोबर आपल्या मराठवाड्यातील एका खेड्यात आल्या, तर तिथे दाराबाहेर पडण्याचीही मोकळीक राहिली नाही. सुटकाच नवा तुरुंग ठरली.

ह्या साऱ्या काळात दारूची सोबत वाढत गेली. मद्याने मनावरचा ताण घटकाभर सैल होतो. नशा उतरली की उदासी अधिकच दाटते, आणि पुन्हा पेल्याकडे हात जातो. पडद्यावरची खट्याळ लावणीसम्राज्ञी पाहणाऱ्यांना ही व्यथा कशी दिसावी? १९७० साली ‘सांगत्ये ऐका’ ह्याच नावाच्या आत्मकथनात त्यांनी आपले पिणेही लपवले नाही. १९७१ साली, पन्नाशीच्या आतच, त्या गेल्या.

मित्रहो, आपल्याही गावात झिंगून हसणाऱ्याला लोक हसतात. व्यसनाला दोष जरूर द्यावा; पण त्याआधी त्या माणसाला दुखते कुठे, हे एकदा विचारावे.