आचारी झाला तारामती!

मेसच्या आचाऱ्याला कोणी राणीचा रोल देईल का? दादासाहेब फाळक्यांनी दिला! १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस जे. जे. मध्ये चित्रकला शिकला, फोटोग्राफी केली, छापखाना चालवला, जादूचे प्रयोगसुद्धा केले (नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’!). चाळिशीत सिनेमाचं वेड लागलं. पिक्चर बघून बघून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. बरे झाले आणि १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून थेट लंडनहून कॅमेरा घेऊन आले. पैसेवाल्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी शूट केली. आजच्या भाषेत टाइम-लॅप्स!

मला मात्र खऱ्या इंजिनिअर वाटतात त्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. तेव्हा कोऱ्या फिल्मला भोकं आपल्यालाच पाडावी लागत. बाई दिवसभर साठ-सत्तर जणांचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री अंधारात बसून फिल्मच्या कडांना भोकं पाडायच्या. अंगावरचे दागिनेही त्यांनीच काढून दिले.

‘राजा हरिश्चंद्र’साठी बायका काही मिळेनात. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातले अण्णा साळुंके तारामती झाले! ३ मे १९१३ ला सिनेमा गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम पण साळुंके आणि सीता पण साळुंकेच.

बोलपट आल्यावर फाळक्यांचं जमलं नाही. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकला गेले, तेव्हा सिनेमावाले त्यांना जवळजवळ विसरले होते.