वसईचे संत गोन्सालो गार्सिया

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी आपल्या भूमीतील पुण्यपुरुषांचे स्मरण करणे हे आम्ही आपले पहिले कर्तव्य समजतो. त्यांत संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र आम्हांस विशेष प्रिय वाटते. कारण बालपणी उरी धरलेला मनोरथ अव्हेरला गेला असता माणसाने काय करावे, याचा धडा त्यात आहे.

इ. स. १५५७ च्या सुमारास वसई येथे त्यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता याच प्रांतातील. वसईवर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता. येशूसंघीय धर्मगुरूंच्या छत्राखाली बाळ गोन्सालो विद्या व धर्म शिकला, आणि आपणही याच संघात प्रवेश करून देवाची सेवा करावी, अशी ओढ त्याच्या कोवळ्या मनास लागली. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ साली जपानात श्रद्धेचे बीज पेरले होते. त्या दूर देशी जाणाऱ्या धर्मगुरूंबरोबर पंधरा-सोळा वर्षांचा हा मुलगा निघाला. तेथे त्याने जपानी भाषा अशी आत्मसात केली की, लहानथोरांस धर्मशिक्षण देण्याचे काम त्याच्याकडे आले. पुष्कळ वर्षे तो निष्ठेने राबला. परंतु संघात प्रवेशाची त्याची विनंती काही मान्य झाली नाही.

ज्या दारापाशी सारे तारुण्य तिष्ठत काढले, ते दार उघडू नये, याचे दुःख केवढे असेल! गोन्सालो व्यापार करू लागले आणि त्यात त्यांस यशही लाभले. तथापि धनाने त्यांच्या अंतःकरणातील पोकळी भरली नाही. पुढे फिलिपाइन्स बेटांतील मनिला शहरी त्यांचा फ्रान्सिस्कन संघाशी परिचय झाला. तेव्हा सर्व व्यापार सोडून त्यांनी त्या संघाचा झगा धारण केला व एक साधा धर्मबंधू म्हणून सेवा पत्करली.

आणि पाहा देवाची योजना! १५९३ साली फिलिपाइन्सच्या गव्हर्नराचे वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले, त्यांस दुभाषाची गरज पडली. मान्य न झालेल्या इच्छेपायी जी भाषा गोन्सालोंनी शिकून घेतली होती, तिच्याच बळावर ते आता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले. क्योटो येथे त्या धर्मबंधूंनी मठ बांधला व महारोग्यांसाठी रुग्णालय चालविले.

१५९६ साली ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यावरून हिदेयोशीचा संशय बळावला, आणि परदेशी धर्मप्रसारक व त्यांचे साथी यांस क्रूसावर मारण्याची आज्ञा झाली. बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवून त्यांस नागासाकीस नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जण क्रूसावर भाल्यांनी विद्ध होऊन रक्तसाक्षी झाले. त्यांत लुईस इबाराकी हा अवघा बारा वर्षांचा बालक होता. त्यांतच पॉल मिकी आदी येशूसंघाचे तिघे होते. ज्या संघात गोन्सालोंस स्थान मिळाले नव्हते, त्याच संघाच्या बंधूंसमवेत त्यांनी प्राण अर्पण केला!

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांस संतपद दिले. अशा रीतीने भारतभूमीत जन्मलेला पहिला संत वसईने ख्रिस्तसभेस दिला.

मुलांनो, तुमच्याही मनी काही थोर इच्छा असतील, आणि त्यांतील एखादी विफलही होईल. तेव्हा आपल्या या वसईकर बंधूची आठवण करा. मागितलेले दार उघडले नाही म्हणून त्यांनी देवाकडे पाठ फिरविली नाही, की शिकलेली विद्या टाकून दिली नाही. आईबापांनो, आपल्या लेकरांच्या मनोरथांस हसू नका. त्यांस प्रार्थनेचे व परिश्रमाचे पाठबळ द्या. संत गोन्सालो आपल्या घराघरांतील मुलांसाठी देवापाशी विनवणी करोत, हीच आमची प्रार्थना.