लेन्समधले पाणी

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांत संध्याकाळपर्यंत कचकच सुरू होते. मग ओलावा देणाऱ्या थेंबांची बाटली येते आणि महिन्याच्या खर्चात भर पडते. तो खर्च टाळायला कुणी नळाचे पाणी वापरतो, कुणी लेन्सला चक्क थुंकी लावतो. या लेन्सला मुळात ओलावा का लागतो, हे ती घडवणाऱ्या माणसाच्या गोष्टीतून छान समजते.

ओटो विख्तर्ले यांचा जन्म १९१३ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्रोस्तेयोव्ह गावी झाला. घरचा शेती अवजारांचा कारखाना होता, पण ओटो प्रागला जाऊन रसायनशास्त्र शिकले. १९३९ मध्ये नाझींनी तिथली विद्यापीठे बंद केली, तेव्हा ते झ्लीनच्या बाटा कारखान्यात संशोधन करू लागले. तिथे त्यांनी नायलॉनच्या जातीचा धागा तयार केला. १९४२ मध्ये गेस्टापोने त्यांना काही महिने तुरुंगात टाकले.

युद्धानंतर ते पुन्हा अध्यापनाकडे वळले. त्या काळच्या लेन्स काचेच्या किंवा कडक प्लास्टिकच्या असत आणि डोळ्याला टोचत. विख्तर्ले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९५० च्या दशकात एक पारदर्शक पदार्थ बनवला. कोरडा असताना तो कडक असे, पण पाणी प्यायला की फुगून मऊ होई. भिजलेल्या पदार्थाच्या वजनात सुमारे ३८ टक्के पाणीच असे. डोळ्याला सोसेल अशी लेन्स यातूनच होईल, अशी त्यांची खात्री होती.

सरकारला मात्र ती नव्हती. १९५८ मध्ये राजकीय कारणांवरून त्यांना शिक्षणसंस्थेतून काढण्यात आले आणि पुढे आरोग्य मंत्रालयाने लेन्सचे काम थांबवले. विख्तर्ले यांनी ते घरी नेले. १९६१ च्या नाताळात त्यांनी मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग, सायकलचा डायनॅमो आणि घंटीचा ट्रान्सफॉर्मर जोडून एक यंत्र उभे केले. गरगर फिरणाऱ्या छोट्या साच्यात द्रव पसरून लेन्सचा आकार घेई. पहिल्या चार लेन्स तयार झाल्या आणि त्यांनी त्या स्वतःच्याच डोळ्यांत घालून पाहिल्या. नंबर चुकला होता, पण डोळ्याला त्रास झाला नाही. पुढच्या चार महिन्यांत त्यांनी पत्नी लिंडा यांच्या मदतीने साडेपाच हजार लेन्स बनवल्या.

हक्क अमेरिकेत विकले गेले, १९७१ मध्ये तिथे या लेन्सना मान्यता मिळाली आणि कंपन्यांनी अमाप पैसा कमावला. विख्तर्ले यांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले. १९६८ च्या लोकशाहीवादी जाहीरनाम्यावर सही केल्यामुळे पुढे संचालकपदही गेले. राजवट बदलल्यावर १९९० मध्ये ते देशाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या लेन्सचा मऊपणा पाण्याचा आहे, हे लक्षात ठेवा. वातानुकूलित खोलीत पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, अश्रू उडून जातात, लेन्स सुकते आणि बुबुळावर घासते. थेंब तो ओलावा तात्पुरता भरून काढतात. पण पाणी शोषणारी लेन्स इतर गोष्टीही शोषते. डोळ्यांच्या अनेक औषधांतले बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक तिच्यात साठून डोळ्याला इजा करू शकते. म्हणून लेन्स घातलेली असताना चालतात, असे वेष्टनावर लिहिलेलेच थेंब घ्या. लाली घालवणारे थेंब त्यासाठी नाहीत. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि वेष्टनावरची मुदत संपली की उरलेले थेंब टाकून द्या. त्या चार पैशांचा मोह नको. नळाच्या पाण्यात अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याच्या संसर्गाने दृष्टी जाऊ शकते. थुंकीतही जंतू असतातच.

दिवसातून पुन्हा पुन्हा थेंब घालावे लागत असतील, तर पुढची बाटली घेण्याआधी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. लेन्सचे माप चुकलेले असेल किंवा डोळेच कोरडे असतील. मुद्दाम पापण्या लवणे आणि घरी आल्यावर लेन्स काढून चष्मा लावणे, याला तर एक पैसाही लागत नाही. आणि डोळा दुखत असेल, लाल झाला असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर थेंबांच्या भरवशावर न राहता लेन्स काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.