छप्पर देणारा राजा

कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडणारा प्रवासी ज्या वस्तीत पाऊल ठेवतो, तिचे नाव शाहूपुरी. सव्वाशे वर्षांपूर्वी येथे मोकळे माळरान होते. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि 1895 मध्ये एकवीस वर्षांच्या तरुण छत्रपतींनी स्थानकालगत ही नवी व्यापारपेठ वसवली. पंचगंगा आणि भोगावतीकाठच्या उसाचा गूळ येथे उतरू लागला, अडत्यांच्या वखारी उभ्या राहिल्या आणि संस्थानच्या तिजोरीला नवा आधार मिळाला. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले. पेठेचे नाव मात्र राहिले.

राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याची चर्चा होते ती बहुधा 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्यावरून. संस्थानच्या नोकऱ्यांतील रिक्त होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखणारा तो आदेश युगप्रवर्तक होता, यात शंका नाही. परंतु त्या जागा भरण्यासाठी शिकलेली मुले हवी होती, मुले शिकण्यासाठी ती शहरात राहायला हवी होती आणि शहरात त्यांना राहायला कोणी जागा देत नव्हते. महाराजांच्या सगळ्या शैक्षणिक कार्याची सुरुवात या साध्या, पण दुर्लक्षित प्रश्नापासून झाली.

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या यशवंतरावांना 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेण्यात आले. राजकोट आणि धारवाड येथील शिक्षण आटोपून 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. त्यानंतर दोनच वर्षांत दुष्काळ आला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग.

या दोन संकटांनी माणसे घराबाहेर पडली. दुष्काळाने गाव सोडायला लावले, प्लेगने घर. महाराजांनी दुष्काळी कामे काढली आणि कामावरच्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठी शिशुगृहे उघडली. अंगात काम करण्याचे त्राण नसलेल्यांसाठी निराधार आश्रम सुरू केले. व्यापाऱ्यांना बोलावून धान्य स्वस्त विकण्यास राजी केले आणि त्यांचा तोटा दरबारने सोसला. प्लेगच्या काळात वस्ती रिकामी करून लोकांना शिवारात हलवताना गरिबांना झोपड्या उभारण्यास साहाय्य दिले. पुण्यात हेच काम लष्कराच्या बळावर झाले आणि त्याचा शेवट 1897 मध्ये रँडच्या खुनात झाला. कोल्हापुरात समजुतीने घेतले गेले. एकट्या दरबारच्या हुकमाने माणसाला आसरा मिळत नाही, समाजाला सोबत घ्यावे लागते, हा धडा तरुण राजाने येथे गिरवला असावा.

वसतिगृहांच्या बाबतीत मात्र हा धडा त्यांना आणखी एकदा शिकावा लागला. 1896 मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सर्व जातींना खुले असे वसतिगृह काढले. नियमाने ते सर्वांचे होते. प्रत्यक्षात तेथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा राहिला. ब्राह्मण मुलाला शहरात वार लावून किंवा माधुकरी मागून दिवस काढता येत. खेड्यातून येणाऱ्या कुणब्याच्या, जैनाच्या वा मुसलमानाच्या मुलाला तशी परंपरा नव्हती आणि अस्पृश्य मुलाला तर ओसरीवरही कोणी उभे करत नसे. खुले दार असूनही मुले आत येत नाहीत, हे पाहिल्यावर महाराजांनी वाट बदलली.

नवी वाट भागीदारीची होती. ज्या समाजाची मुले, त्या समाजातील पुढाऱ्यांनी संस्था काढावी, वर्गणी जमवावी, चालवण्याची जबाबदारी घ्यावी. दरबारने जागा द्यावी, इमारतीला मदत करावी आणि कायमचे उत्पन्न लावून द्यावे. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले. त्याच वर्षी दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या पुढाकाराने दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. मुस्लिम समाजातून प्रतिसाद येईना, तेव्हा महाराजांनी आधी काही मुस्लिम मुलांना मराठा बोर्डिंगमध्येच ठेवून घेतले आणि 1906 मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. मागोमाग लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशी रांगच लागली. त्यांच्या हयातीत कोल्हापुरात वीसहून अधिक वसतिगृहे झाली आणि शहराला वसतिगृहांची जननी ही ओळख मिळाली. शाहूपुरीपासून जवळच असलेल्या दसरा चौकात, म्हणजे त्या काळच्या चौफाळ्याच्या माळावर, त्यांतील काही आजही शेजारी शेजारी उभी आहेत.

जातीसाठी जातीचे छप्पर, या योजनेवर टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. तिची मर्यादा 1908 मध्ये एका विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेल्या प्रसंगात दिसते. त्या वर्षी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू झाले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे नाव त्याला देण्यात आले होते. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा कुंभोजचा एक तरुण या समारंभाला गेला. परतल्यावर त्याला स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्याची गच्छंती झाली. जे छप्पर समाजाने दिले, ते समाजाने काढूनही घेतले. त्या तरुणाला आश्रय मिळाला तो महाराजांच्या राजवाड्यात. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

महाराजांना ही मर्यादा कळत नव्हती असे नाही. जातवार वसतिगृहे हा त्यांच्या दृष्टीने मुक्काम नव्हता, पायरी होती. 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करणाऱ्या या राजाने 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा आदेश काढला. तरीही पायरीवरच बैठक मारून बसण्याची सवय समाजाला लागते आणि त्या सवयीचा दोष योजनेच्या कर्त्याकडे संपूर्णपणे नाही, तरी थोडा जातोच.

निवाऱ्याचा प्रश्न विद्यार्थ्यांपुरता मर्यादित नव्हता. 1871 च्या कायद्याने ब्रिटिश सरकार ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारत होते, त्यांतील फासेपारध्यांना महाराजांनी जवळ केले. रानोमाळ भटकणाऱ्या या लोकांना काम दिले, घरे दिली आणि सोनतळीच्या आपल्या मुक्कामी पहाऱ्यावर नेमले. ज्यांना चोर म्हणून हाकलले जात होते, त्यांच्याच भरवशावर राजा झोपत असे. महार, मांग, रामोशी, बेरड यांना चावडीवर द्यावी लागणारी हजेरी 1918 मध्ये बंद झाली. हजेरीत बांधलेला माणूस गावात राही खरा. पण गाव त्याचे नसे. त्याच वर्षी महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा पद्धतीने वतनदारांच्या नावे करण्यात आल्या. गावकीच्या राबणुकीतून सुटलेली, स्वतःच्या मालकीची जमीन हीदेखील बेघर होण्याविरुद्धची तटबंदीच होती, मग तुकडा कितीही लहान असो.

6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे. वसतिगृहांची चळवळ तोवर त्यांच्या मदतीने पुणे, नाशिक, नगरपर्यंत पोहोचली होती.

जैन बोर्डिंगमधून बाहेर काढलेल्या भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे महार, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळी मुले एका छपराखाली राहत, एकाच पंगतीत जेवत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे नामकरण झाले. भाऊरावांनी त्यासाठी निवडलेले नाव होते, छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस.