बाबासाहेबांचे लंडनचे शिक्षण : मेहेरबानीपासून हक्कापर्यंत

परदेशी शिष्यवृत्तीची जाहिरात निघाली की आमच्याकडे वस्त्यांमधल्या मुलामुलींची चौकशी सुरू होते. कोणते विद्यापीठ निवडायचे, शिफारसपत्र कोण देणार, पैसे कुठून आणायचे. हे सगळे विचारून झाले की बरेच जण स्वतःच माघार घेतात. बाबासाहेबांची गोष्ट वेगळी, ते महामानव होते, आपल्याला ते कसे जमणार, असा त्यांचा सूर असतो.

आम्हाला हा सूर मान्य नाही. बाबासाहेबांची विद्वत्ता असामान्य होतीच. पण त्यांचे युरोपातील शिक्षण केवळ विद्वत्तेच्या बळावर पूर्ण झालेले नाही. त्यामागे अर्ज होते, शिफारसी होत्या, उसने पैसे होते, मध्येच तुटलेला अभ्यास होता आणि परत पाठवलेला प्रबंधही होता. आपण त्यांच्या पदव्यांची यादी तोंडपाठ म्हणतो, पण त्या पदव्यांपर्यंत ते कसे पोहोचले हे फारसे सांगत नाही. म्हणून हा लेख.

बडोद्याची शिष्यवृत्ती

१९१३ साली बाबासाहेब २२ वर्षांचे होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालेले. त्यांनी बडोदा संस्थानात नोकरी धरली आणि थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, वडील रामजी यांचे निधन झाले. घराचा आधार गेला. अशा वेळी सयाजीराव गायकवाड महाराजांनी अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी त्यांना शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात भारतातील जातींवरचा आपला गाजलेला निबंध वाचला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिगमन यांचा त्यांच्यावर विश्वास बसला. पुढे लंडनमधील अर्थशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस करणारे हेच सेलिगमन. आजच्या अर्जांत प्राध्यापकांची दोन-तीन शिफारसपत्रे मागतात. तेव्हाही शिफारशीला वजन होते आणि बाबासाहेबांनी ती वर्गातल्या कामातून कमावलेली होती.

लंडन, पहिली फेरी

१९१६ मध्ये पहिले महायुद्ध ऐन भरात असताना बाबासाहेब लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी प्रवेश घेतला आणि ११ नोव्हेंबर १९१६ रोजी बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव नोंदवले. हॉबहाउस यांच्याकडे समाजशास्त्र, मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, लोज डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार असे विषय घेतले. या अभ्यासक्रमांची फी साडेदहा पौंड होती. बडोद्याच्या महिन्याच्या रकमेत एवढी फी भरायची, तर खिशात एक पौंड उरेल, असा तो हिशेब.

अर्थशास्त्र आणि कायदा एकाच वेळी का? आम्हाला यात त्यांचा दूरचा विचार दिसतो. अर्थशास्त्राने सत्तेशी आकड्यांच्या भाषेत बोलता येणार होते. वकिलीने कुणाची नोकरी न करता पोट भरता येणार होते. ज्याला समाजासाठी उभे राहायचे आहे त्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात असून चालत नाही.

पण वर्षही पुरे झाले नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि संस्थानचे बोलावणे आले. प्रबंध अपुरा, बॅरिस्टरी अपुरी. येथे त्यांनी एक गोष्ट केली, जी आजच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. ते मुकाट्याने निघून गेले नाहीत. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी लंडन विद्यापीठाची परवानगी त्यांनी आधी मिळवली. त्या परवानगीमुळे पुढची वाट उघडी राहिली.

ते स्वतः दुसऱ्या बोटीने सुखरूप आले, पण त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती युद्धात टॉर्पेडोला बळी पडली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले तेव्हा हाती अर्धवट शिक्षण होते आणि बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून थोडे पैसे येणार होते. त्याच पैशांवर ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले.

चार वर्षांची मुदत

बडोद्यात काय झाले ते आपल्या समाजात लहान मुलांनाही ठाऊक आहे. कोलंबियाचा एम.ए. झालेल्या माणसाला राहायला घर मिळेना. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. ते मुंबईला परतले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. तेथेही काही सहकाऱ्यांनी एकाच माठातले पाणी पिण्याला हरकत घेतली. बाबासाहेब शिकवत राहिले आणि पगारातून पैसे बाजूला टाकत राहिले. इकडे लंडनची चार वर्षांची मुदत चालूच होती.

१९२० साल उजाडले. ३१ जानेवारीला शाहू महाराजांच्या मदतीने मूकनायक सुरू झाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, मे महिन्यात नागपूरची. समाज जागा होत होता, नेता सापडला होता. आणि जुलै १९२० मध्ये बाबासाहेब लंडनला निघून गेले.

येथे आम्ही कार्यकर्त्यांना थांबून विचार करायला सांगतो. चळवळ सोडून शिकायला जाणे हा पळपुटेपणा आहे, असे आजही काही जण तरुणांना ऐकवतात. त्या न्यायाने १९२० मध्ये तर बाबासाहेबांना थांबवण्यासाठी शंभर कारणे होती. त्यांच्या जाण्याची किंमत चळवळीने मोजलीही. मूकनायकाची आबाळ झाली आणि पुढे ते बंद पडले. तरीही ते गेले, कारण हाती अपुरी हत्यारे घेऊन लढाई फार लांब जाणार नव्हती, हे त्यांनी ओळखले होते.

पैसे तीन ठिकाणांहून उभे राहिले. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज. ज्या बडोद्यात पारशी जमावाने हुसकावले, त्याच समाजातला एक मित्र लंडनच्या वाटेवर मागे उभा राहिला, हेही विसरू नये.

लंडन, दुसरी फेरी

दुसऱ्या फेरीतले लंडन म्हणजे भूक आणि पुस्तके. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा खाऊन बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठत. दुपारचे जेवण टाळून तेथेच बसत आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत उठत नसत. रात्री पुन्हा वाचन. दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की एका परिचिताने दिलेल्या पापडांपैकी चार पापड पत्र्यावर भाजून खात. खोलीतले सोबती असनाडेकर झोपायचा आग्रह करत, पण वाचन पहाटेपर्यंत चाले. १९२१-२२ मध्ये ते राहिले ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आज तेथे त्यांचे स्मारक आहे.

इकडे मुंबईत परळच्या चाळीत रमाई काटकसरीने संसार ओढत होत्या. त्यांच्या नावावर एकही पदवी नाही, पण बाबासाहेबांच्या प्रत्येक पदवीत त्यांच्या उपासमारीचा वाटा आहे.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. विषय होता ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचे विकेंद्रीकरण. त्याच वर्षी त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठाकडे जर्मन भाषेत अर्ज केला. कोलंबियात शिकलेली जर्मन येथे उपयोगी आली. अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून त्यांचे नाव पटावर लागले, पण हजेरी न लागल्याने पुढे ते कमी झाले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि ऑक्टोबरमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर करून जर्मनीला गेले. मार्च १९२३ मध्ये लंडनहून बोलावणे आले. परीक्षकांना प्रबंधात बदल हवे होते. बॉनचे शिक्षण तेथेच राहिले, ते कायमचे.

हातातले पैसे संपत आले होते. बाबासाहेब एप्रिल १९२३ मध्ये भारतात परतले, मुंबईत बसून प्रबंध दुरुस्त केला आणि ऑगस्टमध्ये लंडनला पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला आणि ते डॉक्टर ऑफ सायन्स झाले. डिसेंबरमध्ये तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे आणि तो आई-वडिलांना अर्पण केलेला आहे.

१९१३ ते १९२३ अशी दहा वर्षे. त्यात एक शिष्यवृत्ती संपली, एक बोट बुडाली, एक विद्यापीठ अर्ध्यावर सुटले, एक प्रबंध परत आला. अर्ज नाकारला गेला म्हणून खचलेल्या आपल्या मुलामुलींना पदव्यांच्या यादीबरोबर ही यादीही सांगायला हवी.

एकट्याची पदवी, सगळ्यांचा हक्क

या शिक्षणाचे त्यांनी काय केले? १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. १९२५ मध्ये भारताच्या चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर गेले. लंडनची पदवी आणि चवदार तळे यांच्यात फक्त चार वर्षांचे अंतर आहे.

आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची पायरी. बाबासाहेबांना परदेशी जाता आले, कारण एक महाराज दयाळू होते, दुसऱ्याने हात दिला आणि एक मित्र भला निघाला. एवढे योग किती जणांच्या वाट्याला येणार? म्हणून व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर १९४२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशातील शिक्षणासह, सरकारी तिजोरीतून तरतूद मागितली. राजाच्या मेहेरबानीवर मिळाले ते त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी हक्क म्हणून मागितले.

आज राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिला राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे. केंद्राचीही राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. पण केंद्राच्या योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. हा नियम तेव्हा असता तर जातींवर निबंध लिहिणाऱ्या तरुण भीमरावांना या योजनेतून एक रुपयाही मिळाला नसता. समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला हे झोंबते. आमच्या मुलांनी परदेशात जाऊन अभियांत्रिकी शिकावी, पण जातीचा अभ्यास करू नये, असा याचा अर्थ होतो. याविरुद्ध बोलणे हे आपल्या संघटनांचे काम आहे.

दुसरे काम विहारांतून होऊ शकते. जाहिरात निघण्याआधी सहा महिने जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, पासपोर्ट, गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा यांची तयारी करून घेणे. आधी जाऊन आलेल्यांकडून अर्ज तपासून घेणे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, पण राहण्याच्या खर्चाची रक्कम आधी बँकेत दाखवावी लागते, अशा गोष्टी वेळेवर सांगणे. आमच्या अनुभवात मुले गुणांत कमी पडतात त्यापेक्षा जास्त वेळा तारखांत आणि कागदांत कमी पडतात.

आणि तिसरे काम जाणाऱ्यांचे. १९५६ मध्ये आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकून समाजाकडे पाठ फिरवणाऱ्यांबद्दल खंत व्यक्त केली होती. परत येणे म्हणजे गावातच राहायला येणे असे नाही. आपल्या मागे चार जणांचे अर्ज भरून देणे, हेही परत येणेच आहे. यंदा जाहिरात निघेल तेव्हा अर्ज भरा, आणि दुसऱ्याचाही भरून द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!